दुखण्याआधी दात दाखवा

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी पेरणीवर किंवा फवारणीवर बोलणार नाही. आज बोलायचं आहे दातांवर. तुम्ही म्हणाल, कृषी खात्याचा माणूस दातांवर कशाला बोलतो? खरं आहे, मी डॉक्टर नाही, शेतकीचा पदवीधर आहे. पण दात बघायची विद्या आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. बाजारात बैल घ्यायला गेलात की पहिलं काय करता? शिंग बघता, खांदा बघता, चार पावलं चालवून बघता आणि मग जबडा उघडता. दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे की जुळला आहे, हे बोट लावून सांगता. दात झिजलेला बैल कुणी गळ्यात मारू म्हटलं, तर आपण घेत नाही. ज्याला नीट चघळता येत नाही, तो खाणार काय आणि ओढणार काय, हे आपल्याला ठाऊक असतं.

आता मला सांगा, स्वतःचा जबडा उघडून तुम्ही शेवटी कधी बघितला? आणि दुसऱ्या कुणाला, म्हणजे दातांच्या डॉक्टरला, कधी दाखवला? हा प्रश्न मी गावोगावच्या बैठकांत विचारतो. उत्तर ठरलेलं असतं. "साहेब, दुखत नाही तं काहून जावं दवाखान्यात?" आजचं सगळं भाषण या एका उत्तरावर आहे.

माझीच गोष्ट

दुसऱ्याला सांगण्याआधी आपली चूक सांगावी. कृषी महाविद्यालयात असताना रात्रीच्या अभ्यासाला जाग यावी म्हणून तंबाखू-चुन्याची चिमूट खालच्या ओठात धरायची सवय मला लागली. नोकरीला लागलो, गावोगाव फिरू लागलो. बांधावर बसलं की कुणीतरी डबी पुढे करणार आणि आपण नाही म्हणणार नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. दोन वर्षं यायचं. मी म्हणायचो, ब्रश कडक असेल. दुखत तर काहीच नव्हतं.

शेवटी घरून तगादा लागला, म्हणून दात साफ करून घ्यायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी सफाई सुरू करण्याआधी ओठ उलटा करून बघितला आणि हातातला आरसा माझ्यासमोर धरला. जिथं मी चिमूट ठेवायचो, बरोबर तिथं पांढुरका, सुरकुतलेला डाग होता. मला त्याचा पत्ताच नव्हता. बाई म्हणाल्या, "हा आज कर्करोग दिसत नाही. पण याला पुढे तशी वाट फुटू शकते. तंबाखू आजपासून बंद करा आणि काही आठवड्यांनी परत दाखवा. डाग राहिला तर तुकडा काढून तपासावा लागेल." त्या दिवशी डबी टाकली. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, खोटं सांगत नाही. पण डाग हळूहळू गेला. मी गेलो होतो दात साफ करायला आणि सापडलं ते दुसरंच.

आमच्या भावकीतल्या एका काकांचं असं झालं नाही. त्यांच्या गालाला आतून जखम होती. दुखत नाही म्हणून त्यांनी ती पावसाळाभर अंगावर काढली. दवाखान्यात गेले तेव्हा मोठं ऑपरेशन करावं लागलं. काका आज आहेत, देवाची कृपा. पण पोळ्याला ताटात पुरणपोळी येते आणि काका दुधात कुस्करलेलं तेवढं गिळतात. त्यांच्या दुखण्याची आणि माझ्या डागाची सुरुवात एकाच जातीची होती. फरक इतकाच, की माझं वेळेत कुणीतरी बघितलं.

दुखणं उशिरा का येतं?

गुलाबी बोंडअळी आठवा. २०१७ साली तिनं आपल्या विदर्भात कपाशीची काय गत केली, ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. बोंड बाहेरून हिरवंगार, आत अळी सरकी खाते. बोंड फुटेपर्यंत कळत नाही. म्हणून आम्ही सांगतो, एकरी वीस हिरवी बोंडं तोडून फोडून बघा, कामगंध सापळ्यातले पतंग मोजा, दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. दाताचंही तसंच आहे.

दाताचं वरचं कवच शरीरातल्या कोणत्याही हाडापेक्षा कठीण असतं. पण त्याला संवेदना नाही. कीड त्या कवचात असते, तोवर ठणका लागत नाही. त्याच्या आतल्या थरात गेली की गार, गोड झोंबू लागतं. अगदी आतल्या शिरेपर्यंत पोचली की मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणजे दुखणं ही पहिली नव्हे, शेवटची खूण आहे. आणि हे कवच एकदा गेलं की पुन्हा उगवत नाही. कापलेल्या पिकाला फुटवा येतो, दाताला येत नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकू. आपण 'कीड' म्हणतो, म्हणून पुष्कळांना वाटतं की दातात अळी असते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन, अळ्या पडल्या असं दाखवणारेही असतात. बंधूंनो, किडींचा अभ्यास हे माझं काम आहे, म्हणून ठामपणे सांगतो की दातात अळी नसते. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण खाल्लेल्या गोडावर आणि पिठावर ते जगतात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दात विरघळवतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही कीड नव्हे, रोग आहे. म्हणून कपाशीचं औषध दाताला लावायचा वेडेपणा चुकूनही कुणी करू नये. ते विष आहे, जिवावर बेतेल.

कीटण म्हणजे काय?

दात घासले तरी काही तासांत त्यांवर जंतूंचा मऊ, चिकट थर पुन्हा धरतो. तो मऊ असेपर्यंत ब्रशनं निघतो. पण एखाद्या सांदीत तो राहिला की लाळेतला चुना त्यावर बसतो आणि थर घट्ट होऊ लागतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ लावून बघा, खरखरीत लागतं ते.

पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यातल्या मंडळींना हे लगेच पटेल. ठिबकच्या नळ्यांत क्षार धरले की तोट्या बंद होतात. वरून कितीही पुसा, आतला थर जात नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, दातावरचं कीटण पाण्याच्या क्षारानं येत नाही, लाळेतल्या चुन्यानं येतं. म्हणून गोड्या पाण्याच्या गावातही ते होतं. दोन, ठिबक साफ करायला आपण आम्ल सोडतो, तसं दातावर लिंबू किंवा आम्ल घासू नका. कीटणाबरोबर दातच विरघळेल.

हे कीटण हिरडीच्या कडेखाली शिरतं. हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येतं. पुढे दाताला धरून ठेवणारं हाड खाली खाली जातं. झाडाच्या बुडाची माती वाहून गेली की चांगलं झाडही वाऱ्यानं हलतं. तसा न किडलेला, धडधाकट दात हलू लागतो आणि एक दिवस हातात येतो. म्हातारपणी दात पडायचेच, असं आपण म्हणतो. पण पुष्कळांचे दात वयानं नव्हे, हिरडीच्या या रोगानं पडतात. आणि तोही बहुतेक वेळा न दुखता वाढतो.

सफाईनं दात हलतात का?

ही भीती गावोगाव आहे. "दात साफ केले अन् फटी पडल्या, हलाले लागले," असं लोक सांगतात. खरं काय ते सांगतो.

डॉक्टरांकडे एक बारीक टोकाचं यंत्र असतं. ते सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि सोबत पाण्याची धार सुटते. त्या थरथरीनं कीटण सुटून पडतं. दात खरवडून झिजवत नाहीत. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं. कीटण फार जुनं असेल तर दोनदा जावं लागतं. थोडं रक्त येतं, ते सुजलेल्या हिरडीचं असतं. पुढे काही दिवस गार पाणी झोंबतं, मग थांबतं.

मग फट का दिसते? कारण फट आधीच पडलेली होती आणि तिच्यात कीटण भरलेलं होतं. भिंतीच्या भेगेत चिखल भरला होता, तो धुतला म्हणून भेग दिसली. भेग धुण्यानं पडली नाही. कीटण तसंच ठेवलं तर भेग वाढणार. काढलं तर हिरडीची सूज उतरते आणि रोग तिथं थांबवता येतो. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण राहिलेलं टिकतं. म्हणून लवकर जायचं.

तपासणीत डॉक्टर काय बघतात?

सफाई हे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं काम नजरेचं. आपल्याला आपल्या दाढांची मागची बाजू, जिभेच्या कडा, गालाचा आतला भाग दिसत नाही. डॉक्टर आरसा घालून ते सगळं बघतात. बारीक काळा ठिपका सापडला तर एका बैठकीत भरून देतात. तोच ठिपका शिरेपर्यंत गेला की रूट कॅनाल आणि वर कॅप, म्हणजे चार फेऱ्या आणि कितीतरी पट खर्च. त्याहून उशीर झाला की दाढ काढणं, आणि मग कवळी. हंगामात ठणका लागला तर मजुरी बुडते आणि पेरणीचा वाफसा हातचा जातो, ते वेगळंच.

आपल्या भागात तोंडाची तपासणी अधिक गरजेची आहे, कारण तंबाखू. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ माणसांपैकी जवळजवळ चारांत एक जण बिनधुराची तंबाखू वापरतो, असं दिसलं. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण चुना-तंबाखू, खर्रा, मावा चालूच आहे. माझ्या बहिणींनो, तुम्हालाही सांगतो, मिसरी, गुल, तपकीर हीसुद्धा तंबाखूच. तिनं दात बळकट होतात हा भ्रम आहे. सुपारीही निरुपद्रवी नाही. तिनं गालाची आतली कातडी ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं.

घरच्या घरी एक परीक्षा करा. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. बोटं जात नसतील किंवा पूर्वी जायची अन् आता अडतात, तर थांबू नका. तसंच दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखटानं होणारी आग, गाठ, यांतलं काहीही दिसलं तर दुखत असो वा नसो, डॉक्टरांना दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

केव्हा जायचं?

साधारणपणे सहा महिन्यांनी दात दाखवावेत असं सांगतात. सगळ्यांना अगदी एकच नियम नाही. ज्याचे दात-हिरड्या चांगल्या, त्याला डॉक्टर वर्षानं बोलावतील. जो तंबाखू खातो, ज्याला साखरेचा आजार आहे, ज्याच्या हिरड्या खराब आहेत, त्याला तीन-चार महिन्यांनीही बोलावतील. ते ठरवायला आधी एकदा जायला तर हवं.

तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सोपी खूण केली आहे. पोळा आणि होळी. दोहोंत सुमारे सहा महिन्यांचं अंतर पडतं. पोळ्याच्या सुमाराला निंदण-खुरपण आटोपलेलं असतं आणि वेचणी, सोंगणी पुढं असते. होळीच्या सुमाराला रब्बीचं काम हातावेगळं होत आलेलं असतं. पोळ्याला बैलाचे खांदे शेकतो, शिंगं रंगवतो. त्याच आठवड्यात आपलाही जबडा दाखवून यायचा.

कुठं जायचं, खर्च किती?

२०१४ मध्ये केंद्र शासनानं राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. दातांची सेवा जिल्हा रुग्णालयापासून खाली ग्रामीण भागापर्यंत पोचवावी, हा त्याचा हेतू. आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य शासनानं तपासणी आणि उपचार निःशुल्क केले आहेत. कॅप, कवळी यांसारख्या गोष्टी मिळतील की नाही, हे आधी विचारून घ्या. मोठं काम निघालं तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खाजगीत गेलात तर काम सुरू होण्याआधी खर्च विचारा. त्यात लाज नाही. आपण बियाण्याचा भाव विचारतोच ना?

बाजारात रस्त्याच्या कडेला बसून दात काढणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. न उकळलेल्या हत्यारानं कावीळ आणि त्याहून वाईट रोग अंगात शिरतात.

लेकरं, गर्भवती आणि साखरेचे रुग्ण

लेकरू सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दातांच्या मागं पहिली पक्की दाढ येते. दुधाचा कोणताही दात न पडता ती येते, म्हणून आईबापांना वाटतं हीपण दुधाचीच, पडेल. ती पडायची नसते, जन्मभराची असते. नेमकी तीच लवकर किडते. म्हणून पहिलीत नाव घातलं की दात दाखवा. शाळेत, अंगणवाडीत आरोग्य तपासणीचं पथक येतं, ते दातही बघतं. त्या दिवशी मुलांना शेतावर नेऊ नका. पथकानं चिठ्ठी दिली तर ती फडताळात न ठेवता दवाखान्यात न्या.

गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. पोटुशी बाईनं दात दाखवू नये, हा समज चुकीचा आहे. फक्त कितवा महिना आहे, ते डॉक्टरांना सांगावं. साखरेचा आजार आणि हिरडीचा रोग हे एकमेकांना वाढवतात. हिरडी सुधारली की साखर आवरायलाही मदत होते.

एक गोष्ट पाण्याची. दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतील आणि ते सफाईनंही जात नसतील, तर पाण्यात फ्लोराईड जास्त असू शकतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. गावात बऱ्याच मुलांचे दात तसे दिसले तर ग्रामपंचायतीला सांगून बोअरचं पाणी तपासून घ्या.

घरी काय करायचं?

डॉक्टर वर्षातून दोनदा बघणार, उरलेले दिवस आपलेच. सकाळी आणि रात्री निजताना, दोन्ही वेळा मऊ ब्रशनं आणि फ्लोराईडच्या पेस्टनं दात घासा. रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते. निंबाची काडी वाईट नाही, पण ती दाढांच्या सांदीत पोचत नाही. राखुंडी, विटेची पूड, जाडं मीठ यांनी कवच झिजतं. आणि चहा. वावरात दिवसातून सहा वेळा गोड चहा झाला की सहा वेळा दात आम्लात भिजला. साखर किती, यापेक्षा किती वेळा, हे मोजा.

शेवटी एवढंच. बैल विकणारा दात उघडू देत नसेल, तर आपण म्हणतो की यात काहीतरी खोट आहे. आपणही आपलं तोंड वर्षानुवर्षं कुणाला उघडून दाखवत नाही. खोट असेलच असं नाही, पण असली तर लहान असतानाच सापडावी. येत्या पोळ्याला बैलाची झूल काढाल, तेव्हा हे माझं बोलणं आठवा.

राम राम. जय किसान.

लक्षात ठेवा

१. दुखणं ही शेवटची खूण आहे. दुखण्याआधी जा.
२. पोळा आणि होळी, वर्षातून दोनदा दात दाखवा.
३. घट्ट कीटण ब्रशनं निघत नाही. ते डॉक्टरांकडूनच काढून घ्या. सफाईनं दात हलत नाहीत.
४. हिरडीतून रक्त येणं हा रोग आहे. ब्रशला दोष देऊ नका.
५. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तीन बोटं न मावणारं तोंड, यांसाठी लगेच दवाखाना गाठा.
६. दाताची सूज मानेकडे उतरली, ताप आला किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालयात जा.
७. सहाव्या वर्षीची दाढ कायमची असते. ती जपा.
८. तंबाखू, खर्रा, मिसरी, गुल, सुपारी बंद.